विहिरी आणि याद्या

पहिल्या महायुद्धातला कूट-अल-अमाराचा वेढा १४७ दिवस चालला, हे मी पुस्तकात फार उशिरा वाचलं. आमच्या घरात त्याला 'घोड्याची लढाई' म्हणत. तैग्रिस नदीच्या एका वळणात जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन अडकून पडली, रसद संपत आली, तोफखान्याची घोडी आणि खेचरं कापायला काढली, आणि हिंदी पलटणींतल्या पुष्कळ शिपायांनी ते मांस तोंडात घालायला साफ नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानग्या मागवल्या गेल्या. तरी बरेच जण अखेरपर्यंत अडून बसले. आमचे पणजोबा त्यांतले. नदीकाठचा पाला उकडून खाल्ला, हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, पण घोडं नाही. हा भाग दादा, म्हणजे माझे आजोबा, फार रंगवून सांगत. आपल्या बापाचा हट्ट सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. मला मात्र लहानपणीही वाटायचं की खायला हवं होतं.

पणजोबांना मी पाहिलेलं नाही. सातारा जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतून पोटापाण्यासाठी पलटणीत गेलेल्या हजारोंपैकी ते एक. पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. त्यांतल्या एकीत ते होते. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडने शरणागती पत्करली आणि सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. साहेबाला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना उन्हातून चालवत नेलं. बगदाद, समारा, तिक्रित, मोसुल, नुसायबिन आणि मग रास-अल-ऐन, जिथे त्या वेळी बगदाद रेल्वेचे रूळ संपत होते. कैदेत चार हजारांवर माणसं मेली. वाटेतच हिंदू आणि मुसलमान शिपाई वेगळे काढले, एकाच ताटातल्यांना वेगळ्या रांगा लावल्या. ही रांगेची गोष्ट दादा घोड्याइतक्या जोरात सांगत नसत. सांगून झाली की म्हणत, "रांग लावली की समजावं."

रास-अल-ऐनला आमच्या घरात 'रासलैन' म्हणतात. त्याची गोष्ट पोरं झोपल्यावर व्हायची, म्हणजे पोरं झोपल्यासारखी पडून ऐकत असायची. ती थोडकीच आहे. कैद्यांना रुळांच्या कामाला लावलं होतं. कामावर पाणी नव्हतं. पणजोबा आणि आणखी दोघे एका विहिरीवर गेले, दोराला बादली बांधून आत सोडली. बादली पाण्याला लागण्याआधीच कशावर तरी टेकली. दोर ढिला पडला. वाकून पाहिलं. बस, इतकंच. आत काय होतं ते पणजोबांनी स्वतःच्या मुलालाही एवढ्याच शब्दांत सांगितलं होतं: "आरमानी लोक व्हते." गावी परत आल्यावर मरेपर्यंत, कुणाच्याही विहिरीवर गेले तरी, आधी कठड्यावर ओणवं होऊन तळ पाहायचा आणि मगच पोहरा सोडायचा, ही त्यांची सवय. गावातली पोरं त्यावरून त्यांची नक्कल करत.

पुढे वाचलं ते असं. मे १९१५ च्या अखेरीस ऑटोमन सरकारने आर्मेनियन लोकांच्या 'स्थलांतरा'चा तात्पुरता कायदा काढला. त्याआधी, २४ एप्रिलला, राजधानीतले त्यांचे लेखक, वकील, संपादक रातोरात उचलले होते. सैन्यातल्या आर्मेनियन तरुणांची हत्यारं काढून घेऊन त्यांना मजूर तुकड्यांत टाकलं होतं. म्हणजे बायका, म्हातारे आणि पोरांच्या काफिल्यांना वाळवंटाकडे हाकललं तेव्हा सांभाळणारं कुणी शिल्लक नव्हतं. काही जण पायी गेले, काही रेल्वेने, मेंढ्यांच्या दुमजली वॅगनमधून. रेल्वे कंपनीतल्याच एका जर्मन अधिकाऱ्याने त्या वॅगनचा फोटो बर्लिनच्या बँकेला पाठवला, कारण लोहमार्गात पैसा त्या बँकेचा होता. पुष्कळांकडून तिकिटाचे पैसेही घेतले गेले. रास-अल-ऐनच्या छावण्या १९१६ च्या वसंतात रिकाम्या करण्यात आल्या, म्हणजे त्यांतली हजारो माणसं जवळपास नेऊन मारली. कूटचे कैदी पोचले ते त्यानंतर, उन्हाळ्यात. पश्चिमेला अमानुस डोंगरातल्या बोगद्यांवर आर्मेनियन मजूर कामाला होते. जर्मन इंजिनियरांनी 'कामाची माणसं' म्हणून त्यांना काही महिने वाचवलं होतं. जून १९१६ मध्ये तेही काढून नेले, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर आणले ते कूटचे कैदी. मेलेल्यांची संख्या कुणी सहा लाख सांगतं, कुणी पंधरा. तुर्कस्तानचं सरकार आजही त्याला 'वंशसंहार' म्हणत नाही.

माझ्या आईचं माहेर कोल्हापूरचं, आणि तिकडची गोष्ट अगदीच वेगळी. ती दुधाची आहे.

आजीचे वडील वळिवड्याच्या छावणीत दूध घालत. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरपासून थोड्या अंतरावर, रेल्वेच्या कडेला, पोलंडमधले सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. लांबच लांब बराकी, कौलारू छपरं, चर्च, शाळा, दवाखाना, स्वतःचं नाटक-सिनेमाचं वेड. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. वडिलांबरोबर बैलगाडीतून जायची आणि मापाने दूध ओतायची. "मडमा म्हणायचो आम्ही, पण मडमेसारखा थाट न्हवता. पायांत लाकडी चपला. दुधाचे पैसे मोजून द्यायच्या आणि मापाकडं अशा बघायच्या, जणू थेंब सांडला तर जीव जाईल." पंचगंगेत पोहणाऱ्या पोलिश पोरींना बघायला कोल्हापुरातली तरणी पोरं सायकली घेऊन जात, हेही ती हळूच सांगायची. एकीने इथल्याच मुलाशी लग्न केलं, नऊवारी नेसायला शिकली आणि अखेरपर्यंत कोल्हापूरकर म्हणून राहिली.

पण आजीला खरं आठवायचं ते एका बाईच्या ओट्यावरचं सूप. रेशनचा पाव घरात आला की ती बाई त्याच्या पातळ कापा करून, कुरडया घालाव्या तशा, उन्हात वाळत घालायची. वाळल्या की कापडी पिशवीत भरून पिशवीचं तोंड सुईदोऱ्याने शिवून टाकायची. ताजा पाव रोज मिळत होता, तरीही. आजीच्या वडिलांनी एकदा खुणेने विचारलं, हे कशाला? बाईने एका हाताने आगगाडी दाखवली, मग हात दूर, उत्तरेकडे नेला, आणि पिशवी छातीशी धरली.

ती आगगाडी म्हणजे १९४० सालची. १७ सप्टेंबर १९३९ ला स्टालिनच्या फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या. हिटलरच्या फौजा पश्चिमेकडून आधीच आल्या होत्या. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे, कडाक्याच्या थंडीत, हातात याद्या घेतलेली माणसं दारं ठोठावू लागली. पहिल्या यादीत माजी सैनिक, ज्यांना सरकारने सीमेवर जमिनी दिल्या होत्या, आणि जंगलखात्याची माणसं. एप्रिलमधल्या दुसऱ्या यादीत मुख्यतः अटकेत असलेल्यांची कुटुंबं. सामान बांधायला कुठे अर्धा तास, कुठे तास. मग मालगाडीचे डबे, मध्ये एक शेगडी, तळाला एक भोक, आणि कित्येक दिवसांनी सैबेरिया किंवा कझाकस्तान. सोव्हिएत कागदपत्रं अशा हद्दपारांचा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास देतात. पोलिश लोक पूर्वी याहून कितीतरी मोठा सांगत. १९४१ च्या उन्हाळ्यात हिटलर उलटला, स्टालिनला दोस्तांची गरज पडली, लंडनमधल्या पोलिश सरकारशी करार झाला, आणि वाचलेल्यांतले काही कास्पियन ओलांडून इराणला, तिथून कराची आणि मग गाडीने आमच्या वळिवड्याला.

एप्रिलच्या यादीबद्दल आणखी एक सांगायला हवं. ज्यांची ही कुटुंबं, त्यांतल्या पुष्कळांना त्याच वसंतात कातीनच्या जंगलात आणि आणखी काही ठिकाणी डोक्यात मागून गोळी घालून संपवलं होतं. सुमारे २२ हजार माणसं, अधिकारी, डॉक्टर, शिक्षक, पोलीस. म्हणजे नवऱ्याची शिक्षा म्हणून बायको-पोरं गाडीत चढली, तेव्हा कित्येक नवरे आधीच खड्ड्यात होते किंवा त्या वाटेवर होते. खड्डे सापडल्याची बातमी एप्रिल १९४३ मध्ये जगाला कळली. वळिवड्याची छावणी त्यानंतर काही आठवड्यांनी भरू लागली. मॉस्कोने हे कबूल केलं ते १९९० मध्ये. आजी म्हणायची, काही बाया दुपारी पोस्टाच्या खोलीसमोर नुसत्या उभ्या असत.

दिवाळीत दोन्ही घरं एकत्र आली की दादा आणि आजी यांच्यात जे चालायचं, त्याला भांडण म्हणता येणार नाही, पण तसंच काहीतरी होतं. आजीने पावाची गोष्ट काढली की दादा म्हणत, "विहीणबाई, तुमच्या बायांना दूध तरी मिळालं. आमच्या आरमान्यांना पाणीबी न्हाई." आजी पदर सावरून म्हणायची, "पाव्हणं, ती विहीर तुमच्या वडिलांनी बघितली. हितं त्या बाया जित्या हुत्या, रोज झुरत हुत्या." दोघांनाही आपलं दुःख जड ठरायला हवं होतं, आणि गंमत अशी की दोघांचंही ते स्वतःचं नव्हतंच. कुणा दुसऱ्याचं, ऐकलेलं, घरात वागवलेलं.

विद्वानांतही हेच चालतं, फक्त पदराऐवजी तळटीप असते. १९८६ मध्ये जर्मनीत इतिहासकारांचं मोठं वाजलं. अर्न्स्ट नोल्टे यांनी सुचवलं की स्टालिनच्या छावण्या आधी झाल्या, हिटलरचं आउशवित्झ हे एका परीने त्यांना दिलेलं उत्तर आहे. युर्गेन हाबरमास तुटून पडले, आणि बरोबर पडले. त्याने गाय मारली म्हणून आपण वासरू मारलं, हा युक्तिवाद गावच्या पंचायतीतही टिकत नाही. तुलना अशी केली की ती पांघरूण होते. आणि कुणाचे किती मेले याची उतरंड लावणं, म्हणजे ज्यूंचे साठ लाख वर, मग इतर, हे तर मला किळसवाणं वाटतं, जरी आकडे खरे आहेत आणि माहीत असायलाच हवेत. पण तुलनाच नको, प्रत्येक संहार एकमेव, त्याला हात लावू नका, असंही मला पटत नाही. दादा आणि आजीच्या गोष्टी शेजारी ठेवल्यावर मला जे दिसलं ते एकटी गोष्ट ऐकून दिसलं नव्हतं. वजन बाजूला ठेवावं आणि कामाची रीत पाहावी.

विहिरीचंच घ्या. रासलैनच्या बारा वर्षं आधी, आफ्रिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, आजच्या नामिबियात, हेरेरो लोकांनी जर्मन वसाहतीविरुद्ध उठाव केला. ऑगस्ट १९०४ मध्ये वॉटरबर्गच्या पठाराजवळ त्यांचा पराभव झाला आणि ते गुरंढोरं, बायकापोरं घेऊन ओमाहेके वाळवंटात शिरले. जनरल फॉन ट्रोथाने काय केलं? वाळवंटाच्या कडेच्या पाणवठ्यांवर पहारे बसवले. २ ऑक्टोबरला जाहीर हुकूम काढला की जर्मन हद्दीत दिसलेल्या प्रत्येक हेरेरोला, हत्यार असो नसो, गोळी घातली जाईल. पुढे तिथे लोकांनी हातांनी खणलेले, पाणी न लागलेले खोल खड्डे सापडले. वाचलेल्यांना छावण्यांत टाकून रेल्वेच्या कामाला जुंपलं. ल्युडेरिट्झच्या खाडीतल्या शार्क बेटावर नामा लोकांची छावणी होती. तिथून कवट्या बर्लिनच्या प्रयोगशाळांत गेल्या. साधारण ८० हजार हेरेरोंपैकी बहुतेक संपले, नामांपैकी निम्मे. तुर्कांनी हे जर्मनांकडून शिकलं असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण वाळवंटात माणूस मारायचा तर गोळी महाग आणि पाणी रोखणं स्वस्त, हे दोन वेगळ्या ठिकाणच्या दोन वेगळ्या माणसांना आपापलं सुचलं, आणि दोन्हीकडे पुढची पायरी रेल्वेची मजुरी होती. दादांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "त्यांच्या विहिरी किती खोल?"

तिकिटाचंही तसंच. ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांचं जर्मन रेल्वेने बिल लावलं. तिसऱ्या वर्गाचं एकेरी भाडं. चार ते दहा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. चारच्या आतली फुकट. चारशेहून जास्त प्रवासी असतील तर गटाची सवलत. पहारेकऱ्यांचं परतीचं धरलेलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गॅसच्या खोल्यांच्या वर्णनाने झालं नव्हतं तितकं मला गरगरलं, कारण गॅसची खोली चालवणारा माणूस मला ओळखीचा वाटत नाही, पण अर्ध्या तिकिटाचा हिशेब घालणारा कारकून ओळखीचा वाटतो. तो पाच वाजता घरी जातो.

आता आजी आणि दादांच्या वादाचा निकाल कायद्याने काय लावला असता, ते सांगतो. रफाएल लेमकिन हा पोलिश ज्यू वकील. जन्म १९०० चा, वोल्कोविस्कजवळचा, म्हणजे वळिवड्याच्या पुष्कळ बाया ज्या पूर्व पट्ट्यातून आल्या तिथलाच. लव्होव्हच्या विद्यापीठात शिकत असताना बातमी आली की बर्लिनमध्ये सोगोमोन तेहलिरियान नावाच्या आर्मेनियन तरुणाने भर रस्त्यात तलात पाशाला गोळी घातली. तलात म्हणजे हद्दपारीचा हुकूम काढणारा गृहमंत्री. लेमकिनने लिहून ठेवलंय, की त्याने प्राध्यापकांना विचारलं, तलातवर खटला का चालला नाही? उत्तर आलं, शेतकऱ्याने आपल्या खुराड्यातल्या कोंबड्या मारल्या तर दुसऱ्याने त्यात पडायचं कारण नाही. लेमकिनचं पुढचं आयुष्य या उत्तराशी भांडण्यात गेलं. १९४१ मध्ये तो स्वीडनहून मॉस्को, आणि मग सैबेरियाच्या आडव्या रेल्वेने व्लादिवोस्तोक, जपान असा अमेरिकेला निसटला. त्या वेळी वळिवड्याच्या बाया सैबेरियातच होत्या. तो तिकीट काढून खिडकीशी बसला होता. मागे राहिलेले त्याचे आईवडील आणि कुटुंबातले जवळजवळ पन्नास जण नाझींनी मारले.

१९४४ मध्ये त्याने या गुन्ह्याला नाव दिलं: 'जेनोसाइड', म्हणजे वंशसंहार. ११ डिसेंबर १९४६ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याविरुद्ध ठराव केला; तो मांडणारे तीन देश होते क्यूबा, पनामा आणि भारत. अजून स्वतंत्र न झालेला भारत. आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नसतं, आणि शाळेत सांगावं अशा गोष्टींत हे यायला हवं. त्या ठरावात वांशिक आणि धार्मिक गटांच्या जोडीला 'राजकीय' गटही होते. दोन वर्षांच्या घासाघाशीनंतर ९ डिसेंबर १९४८ ला करार मंजूर झाला तेव्हा 'राजकीय' शब्द गळला होता. सोव्हिएत संघाचा त्याला विरोध होता, आणि एकट्या त्याचाच नव्हता. आपापल्या घरातले बंडखोर पुष्कळांच्या डोळ्यांसमोर असणार. राहिले चार: राष्ट्रीय, वांशिक, वंशीय आणि धार्मिक. म्हणजे दादांचे आरमानी या व्याख्येत चपखल बसले. आजीच्या बाया कुंपणावर राहिल्या. त्यांना पोलिश म्हणून नेलं की जमीनदार, फौजी, 'जनतेचे शत्रू' म्हणून, यावर आजही वाद घालता येतो, आणि घातला जातो.

असा प्रकार एकदाच झाला असता तर सोडून दिलं असतं. कंबोडियात १९७५ ते १९७९ मध्ये पोल पॉटच्या राजवटीत सतरा लाखांहून अधिक माणसं उपासमारीने, कामाने, कुऱ्हाडीने मेली. १७ एप्रिल १९७५ ला एका दिवसात नॉम पेन्ह शहर रिकामं करायला घेतलं, दवाखान्यातल्या खाटांसकट. चाळीसेक वर्षांनी, २०१८ मध्ये, न्यायालयाने त्या राजवटीतले नेते नुऑन चिया आणि खिउ सांफान यांना वंशसंहाराबद्दल दोषी धरलं ते व्हिएतनामी आणि, नुऑन चियाच्या बाबतीत, चाम मुसलमान या अल्पसंख्याकांच्या संदर्भात. मेलेले बहुसंख्य ख्मेर होते, ख्मेरांनीच मारलेले. त्यांच्यासाठी वेगळं कलम, 'मानवतेविरुद्धचे गुन्हे'. शिक्षा तीच, जन्मठेप. कायद्याला रेघ कुठेतरी ओढावी लागते हे मला कळतं. आजीला कळलं नाही. ती म्हणाली, "मंजी मारताना काय म्हणून मारलं, त्यावर ठरतं व्हय?" हो, त्यावरच ठरतं. हेतू सिद्ध करावा लागतो.

१९७१ ची आठवण आमच्या दोन्ही घरांत फक्त टपालाची आहे. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने विद्यापीठाच्या वसतिगृहांवर हल्ला केला, एक कोटीच्या आसपास माणसं भारतात आली, आणि इकडे प्रत्येक पाकिटावर निर्वासितांच्या मदतीचं पाच पैशांचं जादा तिकीट आलं. आई सांगते, दादांनी त्यावर कधी कुरकुर केली नाही. इतर सगळ्या करांवर करत.

वळिवड्याच्या बराकी मात्र रिकाम्या राहिल्या नाहीत. पोलिश लोक १९४८ पर्यंत पांगले, कुणी इंग्लंडला, कुणी आणखी दूर, थोडे परत पोलंडला. ज्या गावांतून नेलं ती गावं आता पोलंडमध्येच उरली नव्हती. आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली. आज तिथे गांधीनगर आहे, कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ. आजीच्या वडिलांनी दोघांनाही दूध घातलं. गिऱ्हाईक बदललं, बैल तेच, रस्ता तोच. सिंधी बाया मापाकडे तशाच बघत का, असं मी एकदा विचारलं. "न्हाई," आजी म्हणाली, "त्या भाव करायच्या."

सगळ्यांत जवळचा, म्हणजे माझ्या कळत्या वयातला संहार रुआंडाचा. दादांच्या घरी रेडिओ पहाटेच्या धुनेपासून सुरू असे. ती आकाशवाणीची धून बांधणारा वॉल्टर कौफमान हा प्राग सोडून मुंबईत आलेला ज्यू संगीतकार, हिटलरमुळे इकडे आलेला, हे दादांना सांगितलं तर त्यांना खरं वाटलं नाही. त्या रेडिओवरच एप्रिल १९९४ मध्ये किगालीच्या बातम्या येऊ लागल्या. आणि किगालीत दुसरा एक रेडिओ होता, आरटीएलएम नावाचा, जो गाण्यांच्या मध्ये तुत्सी लोकांना 'झुरळं' म्हणत होता आणि कोण कुठे लपलंय ते सांगत होता. सुमारे शंभर दिवसांत आठ लाख माणसं. रुआंडात रेल्वे नाही. दादा आणि आजीच्या गोष्टींतली आगगाडी तिथे नव्हतीच, आणि वेग मात्र सगळ्यांत जास्त. आगगाडीचं काम तिथे ओळखपत्राने केलं. बेल्जियनांनी १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या कार्डावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असं लिहायला सुरुवात केली होती. स्वातंत्र्यानंतरही कुणी ते काढलं नाही. रस्त्यावर आडवं लाकूड टाकायचं, कार्ड मागायचं, रांगा वेगळ्या करायच्या. दादांचं "रांग लावली की समजावं" मला तेव्हा आठवलं.

समजलं होतंही. ११ जानेवारी १९९४ ला, म्हणजे तीन महिने आधी, संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या फौजेचे प्रमुख रोमिओ दालेर यांनी न्यूयॉर्कला तार केली. एका खबऱ्याने सांगितलं होतं की किगालीतल्या तुत्सींची नोंदणी करण्याचा हुकूम त्याला मिळाला आहे, त्याच्या मते मारण्यासाठीच. आणि त्याची माणसं वीस मिनिटांत हजार जणांना मारू शकतील. शस्त्रांचा साठा कुठे आहे तेही तो दाखवायला तयार होता. दालेर धाड घालणार होते. वरून उत्तर आलं, घालू नका, अधिकाराबाहेरचं आहे.

आजीला मी ही तार वाचून दाखवली. तारेतलं वीस मिनिटांचं वाक्य तिच्या लक्षातच आलं नाही. ती अडकली नोंदणीवर. "यादी कुणी ल्हिली?" तिच्या मनात पहाटे दार ठोठावणारी माणसं असावीत. मी म्हटलं, किगालीत लष्करी टोळ्यांनी, पण गावोगाव तिथल्याच अधिकाऱ्यांनी, सरपंच-ग्रामसेवक म्हण, कारण कुणाच्या घरात किती माणसं हे त्यांनाच ठाऊक. आणि मग तिला जां-पॉल अकायेसूबद्दल सांगितलं. ताबा नावाच्या गावगटाचा तो प्रमुख, त्याआधी शिक्षक, शाळा तपासनीस. लेमकिनच्या करारान्वये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोषी ठरवलेला जगातला पहिला माणूस तो. २ सप्टेंबर १९९८, करार होऊन पन्नास वर्षं व्हायला आली होती. आजीने मध्येच थांबवून विचारलं, "मास्तर हुता?" हो. आणि हत्याकांड सुरू झाल्यावर पहिले काही दिवस त्याने ताबामध्ये मारेकऱ्यांना शिरू दिलं नव्हतं. १८ एप्रिलला प्रमुखांची वरच्या लोकांबरोबर बैठक झाली. त्यानंतर तोच माणूस सभेत उभा राहून लोकांना चिथावू लागला, आणि त्याच्या कचेरीच्या आवारात आसरा घेतलेल्या बायकांवर त्याच्या डोळ्यांदेखत बलात्कार झाले. निकालपत्रात दोन्ही अकायेसू नोंदलेले आहेत, अठरा तारखेच्या आधीचा आणि नंतरचा.